पहिल्या लॉटचं गिऱ्हाईक

नव्या मॉडेलचा कॅमेरा जाहीर झाला की मुरबाड-शहापूरच्या फोटोग्राफरांत दोन तट पडतात. तुळशीचं लग्न लागायच्या आत बॉडी हातात हवी, नाहीतर पार्टी कल्याणच्या पोराला धरेल, हा एक तट. पहिला लॉट घ्यायचाच नाही, सहा महिने जाऊ द्यायचे, काय खोट निघायची ती दुसऱ्याच्या पैशाने निघू द्यायची, हा दुसरा. वाद तावातावाने चालतो, पण एका बाबतीत दोघांचं एकमत असतं: नव्या कॅमेऱ्यात काहीतरी खोट असणारच. खटकण्यासारखं आहे ते हे एकमत. दोन-अडीच लाखांची वस्तू खोक्यातून बाहेर काढण्याआधीच गिऱ्हाइकाने ‘थोडंफार चालायचंच’ म्हणून ठेवलं, तर कंपनीला उत्तर देण्यासारखं काही उरतच नाही.

या समजुतीला अनुभवाचा आधार आहे, हे मात्र खरं. सप्टेंबर २०१२मध्ये निकॉनने डी६०० जाहीर केला. फुल फ्रेम सेन्सर, २४ मेगापिक्सल आणि तोवरच्या बहुतेक फुल फ्रेम बॉड्यांपेक्षा कमी किंमत. लग्नाची कामं करणाऱ्याला आणखी काय हवं? थोड्याच महिन्यांत जगभरातून तक्रारी येऊ लागल्या. माळशेज घाटात उभं राहून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान करून एफ/१६ किंवा एफ/२२वर न्यावं आणि मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा, तर वरच्या डाव्या कोपऱ्यात राखाडी ठिपक्यांची रांगोळी. शटरच्या यंत्रणेतून उडणारे धुळीचे आणि वंगणाचे कण सेन्सरवर बसत होते. सेन्सर साफ करून आणला तरी काहीशे क्लिकनंतर ठिपके पुन्हा हजर. अ‍ॅपर्चर मोठं ठेवून नवरीचा चेहरा टिपताना ते दिसत नाहीत, त्यामुळे कित्येकांना बरेच दिवस पत्ताच लागला नाही. उघड्यावर, भर उन्हात, अ‍ॅपर्चर लहान करून अख्ख्या वऱ्हाडाचा फोटो घेतला की मग आकाशात डाग.

त्या दीड वर्षात कंपनी काय म्हणत गेली, ते पाहण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये तिने एक सूचना काढली. सेन्सरवर धूळ बसणं ही सर्वसाधारण बाब आहे, ब्लोअरने साफ करा, नाही गेली तर सर्व्हिस सेंटरला न्या, असा तिचा सूर होता. ऑक्टोबर २०१३मध्ये डी६१० आला. कॅमेरा जवळपास तोच, शटरची यंत्रणा तेवढी नवी. वर्षभरापूर्वी डी६०० घेतलेल्यांच्या बॉडीचा सेकंडहँड भाव साहजिकच घसरला. अखेर २६ फेब्रुवारी २०१४ला निकॉनने जाहीर केलं की वॉरंटी संपली असली तरी डी६००ची तपासणी होईल आणि शटर फुकट बदलून मिळेल. अमेरिकेत तोवर गिऱ्हाइकांच्या वतीने कोर्टाची पायरी चढायची तयारी सुरू झाली होती. १५ मार्चला, जागतिक ग्राहक हक्क दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या कॅमेऱ्याचं प्रकरण पडद्यावर आणलं आणि शांघायच्या प्रशासनाने त्याची विक्री थांबवायला लावली. कंपनीने शेवटी केलं ते योग्यच केलं. पण ते करायला तिला सतरा महिने का लागले, हा प्रश्न उरतोच.

लायकाच्या एम८ची गोष्ट याहून गमतीची. सप्टेंबर २००६मध्ये आलेला हा जर्मन कॅमेरा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा. त्याच्या सेन्सरपुढचा इन्फ्रारेड किरण अडवणारा थर इतका पातळ ठेवला होता की काळं सिंथेटिक कापड फोटोत जांभळट यायचं. नवरदेवाचा टेरिकॉटचा काळा कोट वांग्याच्या रंगाचा! लायकाने दोष कबूल केला आणि एम८ घेतलेल्या प्रत्येकाला लेन्सवर लावायचे दोन फिल्टर फुकट दिले. म्हणजे लाखोंचा कॅमेरा घ्यायचा आणि रंग बरोबर यावेत म्हणून प्रत्येक लेन्सच्या तोंडावर वेगळी काच चढवायची.

इतक्या नावाजलेल्या कंपन्यांकडून असं का व्हावं? एक कारण सरळ आहे. प्रयोगशाळेत तपासायला असतात मोजके कॅमेरे आणि मोजके दिवस. बाजारात गेल्यावर तोच कॅमेरा हजारो हातांत, धुळीत, पावसात, मांडवाच्या पत्र्याखाली चालतो. जी खोट हजारात एकदा दिसते ती तिथेच उघडी पडते. दुसरं कारण कॅलेंडर. जर्मनीत कोलोन शहरात फोटोकिना नावाचा जत्रेसारखा मोठा मेळा दर दोन वर्षांनी सप्टेंबरात भरायचा आणि कंपन्यांची मोठी मॉडेल्स त्याच सुमारास जाहीर व्हायची. एम८ आणि डी६०० हे दोन्ही त्याच मेळ्याच्या तोंडावर आले. घाईमुळेच त्यांत दोष राहिला असं छातीठोक सांगता येणार नाही. पण तारीख आधी ठरते आणि कॅमेरा त्या तारखेला तयार असावा लागतो, हे या धंद्यातलं वास्तव आहे. तिसरं कारण फर्मवेअर. कॅमेऱ्याच्या पोटातला प्रोग्रॅम विकल्यानंतरही बदलता येतो, हे कळल्यापासून ‘राहिलेलं नंतर बघू’ म्हणण्याची सोय झाली आहे.

या सोयीला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. फुजीफिल्मचा एक्स१०० मार्च २०११मध्ये विक्रीला आला तेव्हा त्याचा ऑटोफोकस रखडायचा, मेन्यू चक्रावून टाकायचा. लोक वैतागले, तरी दिसायला देखणा आणि चित्र सुंदर देणारा हा कॅमेरा त्यांनी सोडला नाही. कंपनी फर्मवेअर देत राहिली. एक्स१००एस हे पुढचं मॉडेल बाजारात येऊन बराच काळ लोटल्यावरही, ऑक्टोबर २०१३मध्ये, मूळ एक्स१००साठी नवं फर्मवेअर आलं आणि अडीच वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा फोकस सुधारला. पण याच एक्स१००च्या काही नगांत अ‍ॅपर्चरची पाती चिकटून बसायची आणि फोटो पांढराफटक यायचा. त्यावर कुठलंच फर्मवेअर चाललं नाही. कॅमेरा दुरुस्तीलाच धाडावा लागला.

नेमका फरक इथे आहे. प्रोग्रॅममधला कच्चेपणा पहिल्या गिऱ्हाइकाने काही काळ चालवून घ्यावा, कारण तो घरबसल्या, फुकट, कार्डावर फाइल उतरवून दूर होतो. धातू, काच, स्प्रिंग, वंगण यांतली खोट मात्र त्याने ‘चालायचंच’ म्हणून सोडू नये. ती दुरुस्त व्हायला कॅमेरा हातातून जातो, आणि हातातून गेलेला कॅमेरा त्या दिवशी कमाई करत नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो दोष नव्हे आणि गुणही नव्हे. जुलै २०२०मध्ये कॅननने ईओएस आर५ आणला, ८के व्हिडिओचा डंका पिटत. विक्री सुरू होण्याआधीच कंपनीने सांगून ठेवलं होतं की ८के शूटिंग सुमारे २० मिनिटांनी उष्णतेमुळे थांबेल. पण त्या आकड्यामागे खोलीचं तापमान धरलं होतं २३ अंश. मे महिन्यात मुरबाडचा पारा चाळिशीला टेकतो. हळदीच्या रात्री मांडवात हॅलोजनचे दिवे, डीजेची भिंत, चारशे माणसांची वाफ, त्यात कॅमेरा संध्याकाळपासून चालू. तिथे २३ अंश कुठून आणायचे? ऑगस्टमध्ये फर्मवेअर आलं, थोडा दिलासा मिळाला. पुढे जानेवारी २०२२मध्ये पंखा बसवलेला आर५ सी वेगळं मॉडेल म्हणून आला. कंपनी खोटं बोलली नव्हती. तिने मर्यादा छापली होती, फक्त ती आपल्या हवामानासाठी छापली नव्हती. तक्त्यात ४० अंशांची एक ओळ वाढवायला असा किती खर्च येतो?

‘सहा महिने थांब’ म्हणणाऱ्यांचा हिशेबही वाटतो तितका पक्का नाही. ऑक्टोबर २००५मध्ये कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, कोनिका मिनोल्टा, खुद्द सोनी अशा अनेक कंपन्यांनी एकामागोमाग एक सूचना काढल्या. सोनीने बनवलेले सीसीडी सेन्सर असलेले त्यांचे डिजिटल कॅमेरे उष्ण आणि दमट हवेत निकामी होत होते. चित्र वेडंवाकडं येई किंवा येतच नसे. हे कॅमेरे विकून एक-दोन वर्षं होऊन गेली होती. उष्ण आणि दमट, म्हणजे आपलं कोकण आणि त्याच्या वरच्या अंगाचे हे तालुके. लायकाच्या एम९चा सेन्सरसुद्धा असाच उशिरा बोलला. २००९च्या या कॅमेऱ्यात सेन्सरवरच्या काचेला गंज चढतो, हे बोभाटा होऊन कंपनीने फुकट बदलून देण्याचं जाहीर करेपर्यंत २०१४ उजाडलं. थांबल्याने काही खोटी टळतात, सगळ्या नाही.

उलट बाजूने, जिचा बोभाटा फार ती खोट मोठीच असते असंही नाही. एप्रिल २०१२मध्ये कॅननच्या ५डी मार्क ३मध्ये ‘प्रकाश गळतो’ अशी हाकाटी उठली. प्रकरण इतकंच होतं की गडद अंधारात वरच्या छोट्या पडद्याचा दिवा लावला तर प्रकाशमापक किंचित फसायचा. कॅननने पुढच्या नगांत आत काळी टेप लावली आणि विषय संपवला. याच ५डी मार्क ३ने पुढची कितीतरी वर्षं देशभरातली लग्नं उरकली.

मग पहिल्या लॉटला हात लावावा की नाही? या प्रश्नाचं शास्त्र ज्यांनी मांडलं ते कॅमेऱ्यांचा नाही, बियाण्यांचा अभ्यास करत होते. अमेरिकेच्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसकसं स्वीकारलं, यावर ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा अभ्यास १९४३मध्ये प्रसिद्ध झाला. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२च्या आपल्या पुस्तकात त्यावर इमारत उभी केली: नवी गोष्ट सर्वांत आधी उचलणारे अडीच टक्के, त्यांच्या मागून येणारे साडेतेरा टक्के, मग उरलेला समाज. आयोवातल्या शेतकऱ्यांनीही पहिल्या वर्षी सगळं रान नव्या बियाण्याखाली घातलं नव्हतं. थोड्या जमिनीवर करून पाहिलं आणि मग वाढवत नेलं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं नवं वाण आलं की मुरबाडचा शेतकरीही तेच करतो. एका खाचरात लावतो, दाणा किती भरतो, पावसात आडवं पडतं का, शिजल्यावर भात कसा होतो ते बघतो. बाकीच्या रानात नेहमीचं बियाणं असतंच.

कॅमेऱ्याचं खाचर म्हणजे भाड्याची बॉडी. मुंबई-ठाण्यात नवे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने सर्रास मिळतात. एक हळद, एक लग्न, एक साखरपुडा भाड्याच्या बॉडीवर काढून पाहिला, जोडीला जुना कॅमेरा गळ्यात ठेवला, तर त्या कॅमेऱ्याबद्दल जे कळतं ते कुठल्याही जाहिरातीतून कळत नाही. घेतलाच नवा, तर पहिल्याच आठवड्यात काही तपासण्या घरी करता येतात. अ‍ॅपर्चर एफ/२२ करून पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम घालवून, एक फोटो काढावा आणि तो मोठा करून चारही कोपरे बघावेत. दोन्ही कार्डं भरेपर्यंत सलग व्हिडिओ घ्यावा, तोही घराच्या गच्चीवर, दुपारी. काही निघालं तर तारखेसह जपून ठेवावं. बिल पक्कं घ्यावं; फोर्टच्या बाजारात दहा-पंधरा हजार वाचवून ‘ग्रे’चा, म्हणजे परस्पर आयात केलेला माल घेतला तर कंपनीची वॉरंटी नसते आणि मग कुठलीही फुकट दुरुस्ती दुसऱ्यांसाठी असते.

पहिलेपणाची आणखी एक किंमत मुरबाड तालुक्याने पाहिलेली आहे, तीही कॅमेऱ्याविना. १ डिसेंबर २०१६ला, नोटाबंदीनंतर महिनाभरही झाला नव्हता तेव्हा, धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आणि बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने दुकानदारांना कार्ड स्वाइप करायची यंत्रं मिळाली, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला आले, वडापावसुद्धा कार्डावर मिळतो याच्या बातम्या झाल्या. पुढे यंत्रं पडून राहिल्याच्याही बातम्या आल्या. यंत्र वाईट नव्हतं. त्यामागे जे लागतं, म्हणजे न तुटणारं नेटवर्क, बिघडलं तर येणारा माणूस, कार्ड काढणारं गिऱ्हाईक, ते यंत्राच्या वेगाने गावात पोचलं नाही.

कॅमेऱ्याचंही तसंच होतं. शहरातला यूट्यूबवाला नव्या कॅमेऱ्याची तारीफ करतो तेव्हा अनेकदा त्याच्या हातात कंपनीने चार दिवसांसाठी दिलेला, अंतिम फर्मवेअर नसलेला नग असतो. बिघडला तर तो परत करतो. मुरबाडच्या फोटोग्राफरने तोच कॅमेरा हप्त्यावर घेतलेला असतो. मुरबाडला अजून रेल्वे नाही; एसटीने कल्याण गाठायचं, तिथून लोकल, मग सर्व्हिस सेंटर, आणि ‘पार्ट मागवावा लागेल’ हे उत्तर घेऊन त्याच वाटेने परत. सीझनमध्ये असे दोन फेरे म्हणजे दोन कामं बुडाली. मोठ्या कंपन्यांच्या व्यावसायिक सभासदांना दुरुस्तीच्या काळात बदली बॉडी देण्याच्या योजना आहेत, पण सभासद व्हायला ठरावीक संख्येने महागड्या बॉड्या आणि लेन्स मालकीच्या असाव्या लागतात. एका बॉडीवर संसार करणाऱ्याला, ज्याला बदली कॅमेऱ्याची खरी गरज, त्याला तो दरवाजा बंद.

कंपन्यांना हे नीट करता येत नाही असं नाही. मे २०२३मध्ये आलेल्या निकॉन झेड८च्या काही नगांत लेन्स नीट बसत नव्हती, काहींत पट्टा अडकवायची कडी सैल निघत होती. या वेळी दोन-तीन महिन्यांतच कंपनीने दोन्ही दोष जाहीर केले, सिरियल नंबर टाकून आपला नग त्यांत आहे का ते पाहण्याची सोय केली आणि दुरुस्ती फुकट ठेवली. डी६००च्या सतरा महिन्यांपुढे हे दोन-तीन महिने ठेवून पाहावेत. दोष याही कॅमेऱ्यात होता, पण गिऱ्हाईक अंधारात राहिलं नाही.

म्हणून मागणी बिनचूक कॅमेऱ्याची नाही. तसा कॅमेरा कोणी बनवू शकत नाही. पहिलं गिऱ्हाईक पूर्ण किंमत मोजून कंपनीसाठी फुकटात तपासणीचं काम करतं, तेव्हा त्याची परतफेड ठरलेली असावी. मॉडेल आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात विकलेल्या बॉडीला एक वर्ष जास्त वॉरंटी मिळावी. दोष मान्य झाला की मराठीतून, दुकानदारामार्फत प्रत्येक नोंदणीकृत खरेदीदाराला कळवला जावा. तालुक्याच्या ठिकाणाहून कुरिअरने कॅमेरा नेणं-आणणं कंपनीच्या खर्चाने व्हावं, आणि नोव्हेंबर ते जूनच्या लग्नसराईत दुरुस्ती आठवड्यापलीकडे गेली तर बदली बॉडी द्यावी. यातली कुठलीच गोष्ट कंपन्यांना नवखी नाही; फक्त आज ती ओरड झाल्यावर किंवा मोठ्या गिऱ्हाइकालाच मिळते.

ओरड करायची जागाही आता लांब राहिलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२०पासून लागू झाला. ‘तू धंद्यासाठी कॅमेरा घेतलास, तू ग्राहक कसला’ असं सांगून फोटोग्राफरला वाटेला लावलं जातं, ते या कायद्यात बसत नाही. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही हे खरं, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या व्यापारी कारणात धरली जात नाही, असं कायद्यातच स्पष्ट केलेलं आहे. नोकरचाकर ठेवून मोठा स्टुडिओ चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी ठरू शकते. स्वतः कॅमेरा गळ्यात घालून धसई, टोकावडे, किन्हवली, डोळखांब फिरणारा यात नक्की बसतो. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी मुरबाडकराला ठाण्यातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, आणि बहुतेक बॉड्या या मर्यादेत बसतात. तक्रार ऑनलाइन दाखल होते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवता येते. दोष दूर करून देणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं, नुकसानभरपाई हे सगळे आदेश आयोग देऊ शकतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. भिंतीचा तो एफ/२२वरचा फोटो, दुकानाचं बिल आणि सर्व्हिस सेंटरची पावती एवढे तीन कागद जपले, तर पुढचा ठिपक्यांचा कॅमेरा येईल तेव्हा त्याची पहिली तक्रार ठाण्यातूनही जाऊ शकेल.